गूगल स्कॉलरचं प्रोफाइल : अकरा वर्षांच्या वापरानंतर

मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. हीट ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स, रेफ्रिजरेशन हे माझे विषय. २०१४च्या दिवाळीच्या सुट्टीत गूगल स्कॉलरवर, म्हणजे संशोधनाचे पेपर शोधून देणाऱ्या गूगलच्या सेवेवर, स्वतःचं प्रोफाइल उघडलं, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी ते बघते. बहुतेक वेळा सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये, बसायला मिळालं तर. यंदा आमच्या विभागातल्या तिघांच्या कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइली एकदम निघाल्या आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "मॅडम, स्कोपस आहे ना, मग हे कशाला?" (स्कोपस म्हणजे पेपर आणि त्यांचे संदर्भ मोजणारी दुसरी यंत्रणा.) प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पैसे लागत नाहीत, ही पहिली गोष्ट. जीमेलचं खातं असलं की झालं. कॉलेजचा ईमेल दिलात तर त्या पत्त्याची पडताळणी झाल्याची नोंद नावाखाली येते, ती जरूर करून घ्या. मग यंत्रणा तुमच्या नावाशी जुळणारे पेपर पुढ्यात मांडते आणि विचारते, यातले तुमचे कोणते? इथपर्यंत पंधरा मिनिटं. पण पुढचा तास मात्र शांतपणे द्यायला हवा, कारण आपल्याकडे घोळ नावाचाच असतो.

माझंच सांगते. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पहिला पेपर पाठवताना मी त्याच क्रमाने नाव लिहिलं. परदेशी जर्नलमध्ये शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळे तिथे माझ्या वडिलांचं नाव माझं आडनाव झालं. पुढचे चार पेपर माहेरच्या आडनावाने. लग्नानंतरचे काही सासरच्या आडनावाने, काही दोन्ही आडनावं जोडून. छापील जगात मी चार वेगवेगळ्या बायका होते आणि चौघींचं काम चार ठिकाणी पडलेलं होतं. प्रोफाइलमध्ये प्रत्येक नावाने शोध घेऊन पेपर जोडता येतात, आणि एकाच पेपरच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींवर खूण करून एकत्र करता येतात. त्या दिवशी संध्याकाळी माझी सगळी यादी पहिल्यांदा एका पानावर दिसली. १९९८चा पहिला पेपर सगळ्यांत खाली. घरात कोणी नव्हतं. मी ते पान तीन-चार वेळा वरपासून खालपर्यंत वाचलं.

ज्यांचा पहिला पेपर अजून जायचा आहे, विशेषतः मुलींनी, नाव एकदाच ठरवावं आणि आयुष्यभर तेच लिहावं. सोबत ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक, काढावा. २०१२ पासून ही सोय आहे, तीही फुकट. सोळा अंकी क्रमांक मिळतो, आणि लग्न झालं, नोकरी बदलली, तरी तो तोच राहतो.

प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये नवे पेपर आपोआप जोडायचे की आधी मला विचारायचं, असे दोन पर्याय आहेत. दुसरा निवडा. एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी अशी आद्याक्षरं हजारोंची असतात. दुसऱ्याचा पेपर आपल्या नावावर दिसला तर समितीपुढे उत्तर आपल्याला द्यावं लागतं, यंत्रणेला नाही.

आता आकड्यांकडे येते. उजव्या बाजूला तीन ओळी असतात : एकूण सायटेशन (म्हणजे आपल्या पेपरांचा संदर्भ पुढच्या पेपरांत किती वेळा दिला गेला), एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स. खाली वर्षवार उभ्या पट्ट्यांचा आलेख. एच-इंडेक्स ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. तुमचे नऊ पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान नऊ सायटेशन आहेत, तर तुमचा एच-इंडेक्स नऊ. एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि तो पाचशे ठिकाणी सायट झाला, तरी त्याचा एच-इंडेक्स एकच राहणार. आय-टेन सोपा आहे : दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, एवढंच.

माझा एच-इंडेक्स इथे नऊ आहे, स्कोपसमध्ये सात. यातला खरा कोणता, असं ग्रंथालयात मला विचारलं गेलं तेव्हा मी दोन्ही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. स्कोपस निवडलेल्या जर्नल्स, परिषदा आणि पुस्तकांतूनच मोजतं, आणि निवड कशी झाली हे तिथे सांगितलेलं असतं. गूगल स्कॉलर इंटरनेटवर जे जे विद्वत्तेच्या रूपात सापडेल ते घेतं : पीएचडीचे प्रबंध, परिषदांची इतिवृत्तं, छपाईपूर्वीचे मसुदे, संस्थांचे अहवाल. त्याचं जाळं मोठं आहे, पण त्यात नेमकं काय काय पकडलं जातं याची यादी ते देत नाही. स्वतःच्याच पेपरांना दिलेली सायटेशन वगळण्याची सोयही त्यात नाही. म्हणून फाइलमध्ये आकडा लिहिताना कुठला आणि कोणत्या तारखेचा हे शेजारी लिहायचं. कॉलेज-विद्यापीठांच्या एनआयआरएफसारख्या सरकारी क्रमवारीत स्कोपस आणि तशाच वेब ऑफ सायन्सचे आकडे धरले जातात, तिथे स्कॉलरचा आकडा पुढे करू नका.

हे झालं हिशोबाचं. माझा जीव मात्र या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच कारणाने अडकला आहे. प्रत्येक पेपरसमोरचा सायटेशनचा आकडा निळा असतो. त्यावर बोट ठेवलं की तो पेपर ज्यांनी ज्यांनी वापरला त्यांची यादी उघडते. माझे बरेच सहकारी आकडा बघतात आणि थांबतात. सगळा खजिना त्या निळ्या आकड्याच्या आत आहे.

आमच्या क्षेत्रातलंच उदाहरण घ्या. नळीतून पाणी खळाळत जात असताना उष्णता किती वेगाने जाते, हे काढायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा प्रत्येक मुलगा डिटस-बोल्टर समीकरण वापरतो. त्यातला गुणांक ०.०२३, आणि प्रवाह किती खळाळता आहे ते सांगणाऱ्या रेनॉल्ड्स क्रमांकाचा घात ०.८. मूळ लेख १९३०चा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, मोटारगाड्यांच्या नळीवाल्या रेडिएटरवरचा. मीही माझ्या २००९च्या पेपरात हाच संदर्भ बिनदिक्कत दिला होता. एकदा अशाच निळ्या आकड्यांवरून मागे-पुढे जाताना विंटरटन यांचं १९९८चं एक छोटं टिपण हाती लागलं, इंटरनॅशनल जर्नल ऑफ हीट अँड मास ट्रान्सफरमधलं. त्यांनी मूळ लेख उघडून पाहिला होता. त्यात तापवण्यासाठी आणि थंड करण्यासाठी वेगवेगळे गुणांक आहेत, ०.०२४३ आणि ०.०२६५. आपण सगळे जो ०.०२३ लिहितो, तो पुढे मॅकॲडम्स यांच्या पाठ्यपुस्तकातून रूढ झालेला. म्हणजे जगभरातल्या असंख्य लोकांनी, माझ्यासह, न उघडलेल्या लेखाचा संदर्भ दिला होता. त्या दिवसापासून मी नियम केला : जो पेपर उघडून वाचला नाही तो माझ्या संदर्भयादीत येणार नाही. माझ्या पीएचडीच्या मुलींनाही हा नियम आहे, आणि त्यांना तो जड जातो हेही मला माहीत आहे.

सायटेशनचा हा आकडा काळाच्या बाबतीत किती लहरी असतो तेही बघा. पाणी उकळतं तेव्हा तापमान आणि उष्णतेचा प्रवाह यांचं नातं दाखवणारी वक्ररेषा आम्ही शिकवतो. ती शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये जपानमध्ये काढली, पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडून. लेख जपानीत होता. त्याचं इंग्रजी भाषांतर वर सांगितलेल्या त्याच इंटरनॅशनल जर्नलमध्ये आलं १९६६ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षं गेली. एखाद्या समितीने १९४० मध्ये त्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर काय हाती आलं असतं?

आणि उलटंही होतं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी द्रवात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर उष्णता जास्त वाहून जाईल अशी कल्पना मांडली, आणि नॅनोफ्लुइड हा शब्द रुजला. मग या विषयावर पेपरांचा पूर आला. कुणाला उष्णतावाहकतेत चमत्कारिक वाढ दिसे, कुणाला दिसत नसे. शेवटी तीसहून अधिक संस्थांनी एकाच प्रकारचे नमुने वाटून घेऊन मोजमाप केलं. २००९ मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्समध्ये निकाल आला : चमत्कार नाही, जुन्या सिद्धांतातून जेवढी वाढ अपेक्षित तेवढीच. त्या मधल्या वर्षांत नॅनोफ्लुइडवर लिहिणाऱ्याला सायटेशन भराभर मिळत होती. त्याच काळात बॉयलरच्या नळ्यांत साचणाऱ्या खपलीवर काम करणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला वर्षाला दोन-तीन मिळायची. कारखान्यात कोळसा कुणाच्या कामामुळे वाचला, असं मला विचाराल तर मी खपलीवाल्या सरांचं नाव घेईन.

आता माझी गोष्ट. प्रोफाइलमध्ये माझा सर्वांत जास्त सायट झालेला पेपर नळीत पिळाची पट्टी घालून केलेल्या प्रयोगाचा आहे, १३७ सायटेशनचा. पट्टीमुळे पाणी गोल फिरत जातं, उष्णता जास्त जाते, पण पंपाला जोरही जास्त लावावा लागतो. मँग्लिक आणि बर्गल्स यांनी १९९३ मध्ये या विषयाची जी मांडणी केली तिच्याच आधाराने मी मोजमाप घेतलं होतं. चांगलं काम होतं, पण त्या १३७ पैकी शंभरेक जणांनी फक्त प्रस्तावनेत, आठ-दहा नावांच्या रांगेत मला उभं केलंय. "अनेकांनी यावर अभ्यास केला आहे" एवढंच. मी एका उन्हाळ्यात बसून जितके पेपर उघडता आले तितके बघितले, म्हणून सांगते.

त्याच यादीत खाली एक पेपर आहे, १४ सायटेशनचा. २०११ मध्ये कोकणात झालेल्या एका परिषदेत वाचलेला. मुंबईतल्या मढच्या कोळणी बोंबील सुकवतात ते तुम्ही पाहिलं असेल : बांबूच्या उंच वलांडीवर जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. बोंबलात पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे अवकाळी पावसाची एक सर आली की दोन दिवसांची मेहनत जाते, वर कावळे, माशा, धूळ आहेच. आम्ही काच लावलेल्या पेटीचा आणि छोट्या पंख्याचा सौर ड्रायर बनवला होता. उघड्यावर तीन दिवस लागायचे तिथे ड्रायरमध्ये दीड-दोन दिवसांत मासा कडक व्हायचा. ज्या मावशींनी आम्हाला अंगण दिलं, त्यांनी पहिला सुकलेला बोंबील मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, "बाय, ह्यो इकंल." ते वाक्य पेपरात घालायची मला फार इच्छा होती, पण परिषदेच्या साच्यात जागा नव्हती.

स्कोपसमध्ये हा पेपर नाहीच. कॅसच्या फाइलमध्ये त्याला फारसे गुण नाहीत. पण स्कॉलरमध्ये त्याचा निळा आकडा उघडला तर आत काय आहे? कोकणातल्या एका विद्यापीठातला मत्स्यविज्ञानाचा प्रबंध, शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवलेला. एका पॉलिटेक्निकच्या मुलांचा अहवाल, ज्यांनी आमचा ड्रायर पत्र्याऐवजी प्लायवुडचा करून खर्च कमी केला. आणि बांगलादेशातल्या एका गटाचा पेपर. तिकडे बोंबलाला लोइट्टा म्हणतात, सुकटीला शुटकी. त्यांनी आमचा ड्रायर त्यांच्या किनाऱ्यावर उभा केला होता आणि एका वाक्यात लिहिलं होतं की मुंबईच्या अभ्यासात दर चौरस मीटरला किती मासा पसरला होता ते दिलेलं नाही, त्यामुळे सुकण्याच्या वेळेची तुलना करता येत नाही.

ते वाक्य वाचून कान तापले, खोटं कशाला सांगू. ते शंभर टक्के बरोबर होतं. मी प्रयोगशाळेच्या कपाटातून २०१०ची रफ वही काढली. आकडा तिथे होता, पेन्सिलीने लिहिलेला, पण पेपरात घालायचा राहिला होता. त्या गटाला ईमेल करून तो कळवला, आणि पुढच्या पेपरात पहिल्याच तक्त्यात दिला. मोजणारी यंत्रणा मात्र अशा चूक दाखवणाऱ्या संदर्भालाही एक आणि कौतुकालाही एकच धरते. सायटेशन म्हणजे शाबासकी, हा समज आमच्या समित्यांमधून अजून गेलेला नाही.

या आकड्यांभोवती एक बाजारही उभा राहिला आहे, त्याबद्दल बोललं पाहिजे. मला व्हॉट्सॲपवर एका कंपनीचा निरोप आला होता : पैसे भरा, तीन महिन्यांत एच-इंडेक्स वाढवून देतो. मी तो विभागाच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवला. एका जर्नलच्या परीक्षकाने माझ्या पेपरवर शेरा दिला होता की अमुक सात पेपरांचा संदर्भ घालावा. सातही एकाच माणसाचे होते. दोन खरोखर संबंधित होते, ते मी घातले. उरलेल्या पाचांबद्दल संपादकांना सरळ पत्र लिहिलं की यांचा माझ्या कामाशी संबंध नाही. पेपर स्वीकारला गेला. नव्या लोकांना भीती वाटते की असं लिहिलं तर पेपर परत येईल. माझा तरी आला नाही. लिहा.

असा फुगवटा प्रोफाइलवर ओळखूही येतो. आलेखातली एखादी पट्टी अचानक ताडासारखी वाढली, तर निळा आकडा उघडून त्या वर्षीचे सायट करणारे कोण ते बघा. तीच तीन-चार नावं, तेच जर्नल पुन्हा पुन्हा दिसलं तर काय ते समजा. आमच्याकडे नेमणुकीसाठी अर्ज येतात तेव्हा मी प्रत्येकाचे तीन पेपर तरी असे उघडते. दोन तास जातात, पण मुलाखतीत नेमका प्रश्न विचारता येतो.

वापराच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी. सूचना चालू करता येते : तुमचा पेपर कुणी सायट केला की ईमेल येतो. दुसऱ्याचं प्रोफाइल 'फॉलो'ही करता येतं, मग त्यांचा नवा पेपर आला की कळतं. मी माझ्या विषयातल्या बारा जणांना धरून ठेवलंय, आणि नवीन काय चाललंय हे कळायला मला तेवढं पुरतं. पूर्वी यासाठी महिन्यातून एकदा पवईला आयआयटीच्या ग्रंथालयात जावं लागायचं, ओळखीने, आणि झेरॉक्सच्या रांगेत उभं राहावं लागायचं. पेपर पूर्ण वाचायला मिळणं ही अडचण होतीच, पण २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत तीस प्रकाशकांची जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. आमच्यासारख्या खासगी कॉलेजांना अजून वाट बघायची आहे. तोवर स्कॉलरमध्ये पेपरच्या उजवीकडे पीडीएफची खूण असेल तर ती प्रत फुकट उघडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

मोबाइलवर पान उघडतं, पण नोंदी एकत्र करायचं काम कॉम्प्युटरवरच करा. मोबाइलवर हात चुकतो. मराठीतल्या शोधनिबंधांसाठी मात्र फार आशा ठेवू नका. देवनागरीत शोधलं तर काही सापडतं, पण मराठीतलं किती तरी लेखन अजून छापील कागदावरच आहे, आणि जे नेटवरच नाही ते इथे कुठून येणार?

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. स्वतःची सायटेशन वेगळी दाखवली असती आणि कुठून मोजतात ती यादी दिली असती, तर पाचवाही दिला असता. नव्याने शिकवायला लागलेल्यांनी या आठवड्यातच प्रोफाइल उघडावं. निवृत्तीला आलेल्यांनीही उघडावं, कारण तीस-तीस वर्षांपूर्वीचे पेपर कुणीतरी कुठेतरी अजून वाचतंय हे त्यांना कळलं पाहिजे. आमचे खपलीवाले सर निवृत्त झाल्यावर मीच त्यांच्या घरी बसून त्यांचं उघडून दिलं. १९८७च्या त्यांच्या एका पेपरला त्याच वर्षी दोन नवी सायटेशन आली होती. सरांनी चष्मा लावून दोन्ही नावं मोठ्याने वाचली, मग काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून पुन्हा वाचली.

परवा शुक्रवारी ठाण्याच्या आसपास मोबाइल वाजला : पिळाच्या पट्टीच्या पेपरला १३८वं सायटेशन. दूध पाश्चराइज करण्याच्या यंत्रावर कुणीतरी काम केलंय. दादरपर्यंत उभ्याने वाचलं. यांनी मला प्रस्तावनेत घातलेलं नाही, तिसऱ्या आकृतीत माझे मोजमापाचे बिंदू त्यांच्या बिंदूंशेजारी मांडलेत. कमी वेगाला त्यांची रेघ माझ्यापेक्षा थोडी वर जाते. माझा पाण्याचा प्रवाह मोजणारा रोटामीटर त्या टोकाला जरा अडखळायचा असं पुसटसं आठवतंय. सोमवारी कॉलेजात गेल्यावर आधी २००८ची वही काढायची आहे.